राखेशी उभा दावा

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी गच्चीवर वाकळ झटकली. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. मी नेहमीसारखा चुकीच्या बाजूला उभा राहिलो.

"तिकडं कावून उभं राहिलात? सगळी नाकात घ्यायची हाय का?"

मी बाजू बदलली. मग झटकली. झटकताना ती तोंड फिरवून डोळे गच्च मिटायची, सुई टोचून घेणारं लेकरू मिटतं तसे. नंतर घडी. घडी घालताना दोघांनी चालत एकमेकांकडं यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, माझ्या हातातलं तिनं घ्यायचं आणि मी खाली वाकून लोंबती बाजू उचलून पुन्हा तिला द्यायची. संसारात आमची भांडणं लई झाली. अबोला तर पाहुण्यासारखा येऊन राहायचा. पण वाकळ एकट्याला झटकता येत नाही. म्हणून अबोल्यातसुद्धा सकाळी गच्चीवर जावंच लागायचं, आणि कोपरे देता-घेता कुणीतरी बोलून जायचं.

"उशा उद्या घालू उन्हात," ती म्हणाली. "आज वारा बरा न्हाई."

जिना उतरताना कठड्याला धरून थांबली. खाली येऊन भाकरी केली, मला वाढलं, स्वतः थोडी खाल्ली. दुपारी आडवी झाली ती उठली नाही. छातीचं होतं. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर गवंडीकाम केलं. गल्लीत मला मिस्त्री म्हणतात. लेक म्हणाली, आईबद्दल जे आठवतं ते लिहून ठेवा, म्हणून लिहितोय. आठवतं तसं लिहितो. मागचं पुढं होईल.

आमचं गाव परळी. इथं कोळसा जळतो, वीज होते आणि राख होते. यात शिव्या कुणाला द्यायच्या ते मला कधी कळलं नाही. त्याच विजेवर माझ्या डोक्यावरचा पंखा फिरतो. तिला मात्र कळायचं. ती राखेलाच शिव्या द्यायची. माणसाला द्यावी तशी, तोंडावर. सकाळी दार उघडून ओट्यावर करडा थर दिसला की, "आलीस का सटवे? रातच्याला झोप न्हाई का तुला?" नवा भाडेकरू शेजारी आला की त्याला वाटायचं, मिस्त्रीची बायको सवतीशी भांडायली.

तिचं माझ्याकडं एकच मागणं होतं, आणि ते तिनं बरीच वर्षं लावून धरलं होतं. मेल्यावर मला जाळू नका, पुरा. आमच्यात पुरत नाहीत. दात न आलेलं लेकरू गेलं तर पुरतात, मोठ्या माणसाला नाही. मी हो म्हणायचो. हो म्हणायला काय जातं. मला वाटायचं, आधी मीच जाणार आणि हे झेंगट तिच्या नाही तर लेकीच्या गळ्यात पडणार.

तिचा आणि राखेचा दावा कुठून सुरू झाला ते सांगतो. लग्न होऊन आली त्या साली माझ्या आईनं एक काम केलं. आमच्याकडं मूग, तूर साठवताना चुलीतली राख चोळून ठेवायची रीत. किडा लागत नाही. तेव्हा गावात वीजकेंद्राची ही नवी राख लोक टोपल्या भरभरून घरी नेत होते. पिठासारखी मऊ, चाळायची गरज नाही. आई म्हणाली, "एवढी बारीक राख आपल्या चुलीत कवा व्हायची?" आणि वर्षाच्या मुगाला तीच चोळली.

मग ते मूग शिजवायला काढले. हिनं धुतले. पाणी करडं. पुन्हा धुतले. पुन्हा करडं. मी कामावर निघालो तेव्हा न्हाणीत बसून मूग धूत होती, जेवायला आलो तेव्हासुद्धा तेच मूग धूत होती. आई दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकवत होती, "माहेरी शिकवलं न्हाई. साधं दाणं धुता येईना पोरीला." वरण झालं ते दाताखाली करकरलं. आई आधी जेवायला बसली होती. एक घास घेतला, तोंड थांबलं. हिनं पदराआडून विचारलं, "आत्याबाई, अजून धू का?"

आईनं पुढं कधी तिला धुण्यावरून बोल लावला नाही. ते मूग गाईला घातले. गाईनंसुद्धा हुंगून तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ही म्हणायची, "चुलीतली राख घरची असती. ही बिनओळखीची हाय. हिला उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई."

उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही म्हणजे काय, ते आमच्या पाहुण्यांना विचारा. दारामागं खुंटीला एक फडकं टांगलेलं असायचं, माझ्याच फाटक्या धोतराचं. कुणी आलं की ती दारात उभी. आधी पायताण आपटायला लावायची, मग डोक्यापासून खाली फडक्यानं झाडायची, पाठ फिरवायला लावून पाठ झाडायची, मग आत. बाईमाणूस असो की नगरसेवक.

जावई लग्नानंतर पहिल्यांदा आले ते पांढरंशुभ्र कापड घालून. बसस्टँडपासून चालत आले होते. मी ओट्यावरून खुणेनं सांगत होतो की राहू दे, आज राहू दे. तिनं ऐकलं नाही.

"जावईबापू, हात वर करा."

त्या माणसानं पेढ्याचा पुडा धरलेले दोन्ही हात वर केले. पोलिसानं धरल्यागत. हिनं फडकं चालवलं. गल्लीतली पोरं गोळा झाली. लेक आतून लाजून मरायली.

"वळा."

ते वळले. वळून माझ्याकडं बघत म्हणाले, "मामा, मला आत घेणार हायत का वाळत घालणार हायत?"

हिला हसू आलं. लई क्वचित यायचं. म्हणाली, "पोरगं बरं दिलं बघा आपण. रागावत न्हाई." पुढं ते जावई जेव्हा येत तेव्हा दारात आपणहून हात वर करून उभे राहायचे.

ओट्याच्या कठड्यावर रोज पहाटे ती स्टीलचं एक ताट पालथं घालायची. चहा झाला की जाऊन त्यावर बोट ओढायची. रेघ उमटली की कपडे आत, खिडक्या बंद, दह्याच्या भांड्यावर दोन फडकी. रेघ उमटली नाही की सुटलो. बोट ओढेपर्यंत आम्ही घरातले सगळे निकाल लागायच्या पोरांसारखे तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. हळूहळू गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या.

"काकू, आज घालू का कुरडया?"

"थांब की जरा. ऊन चढू दे, वारा कसा फिरतो बघू."

"लगीन हाय माझ्या घरी. वाऱ्याला कळंना झालं का?"

"त्याला पत्रिका दिलीस का?"

कुरडया-पापड्या आमच्या गल्लीत मच्छरदाणीत वाळतात. ही तिचीच युक्ती. गच्चीवर चार काठ्या उभ्या करायच्या, वर मच्छरदाणी ताणायची, तिच्यावर जुनं पातळ. लांबून बघितलं तर वाटावं, कुणीतरी कुरडया झोपवल्यात. आमच्या गावच्या माणसाला बाहेरचे हसतात. हॉटेलात चहा आला की आम्ही आधी बशी कपावर झाकतो, मग बोलतो. पांढरा सदरा शिवायचा नाही. मोटारसायकलवर उपरणं नाकावरून घट्ट आवळायचं, डोळ्याला चष्मा. रस्त्यात दोघं भेटले तर आधी वारा कुठून येतो ते बघून उभं राहायचं, मग राम राम. उन्हाळ्यात सगळं गाव गच्चीवर झोपायचं ते आता आत झोपतं. गच्चीवरच्या झोपेची गंमत माझ्या नातवंडाला सांगून कळत नाही. करोनात सगळं जग तोंड बांधून फिरायला लागलं तेव्हा ही टीव्हीसमोर बसून म्हणाली, "आली का पाळी? आमी कवाचं बांधायलोत."

तोंडावर पदर असल्यामुळं ती डोळ्यानंच बोलायची. वीजकेंद्राच्या चिमणीकडून वारा सुटला की बाहेर असताना तोंड उघडायचंच नाही, हा तिचा नेम. भाजीवाल्याशी भाव करायची तो भुवयांवर. भाजीवालासुद्धा तरबेज झाला होता. "काकू, एवढी भुवई चढवू नका, परवडत न्हाई मला," असं म्हणायचा.

एकदा मी घरामागं न्हाणीची भिंत घातली. राखेच्या विटा आणल्या होत्या. करड्या, पण अंगानं सरळ, एकसारख्या. मला आवडायच्या त्या. गवंड्याचा हात त्यांच्यावर सरकन चालतो. ही माहेरी गेलती. आली तेव्हा भिंत छातीइतकी झाली होती. मी कौतुकानं दाखवली. तिनं जवळ जाऊन बोट ओढलं आणि बोटाकडं बघितलं.

"हे काय हाय?"

"वीट हाय."

"कशाची?"

तिला माहीत होतं.

"बाहेर तीच. नाकात तीच. आता भिंतीत बी तीच बसवा. देव्हाऱ्यात जागा हाय, तिथं बी बसवा एक."

"अगं, हवेतली राख विटेत गेली तर तेवढी कमीच झाली की उडायची."

माझं बोलणं तिला पटलं होतं, ते मला तिच्या डोळ्यावरून दिसलं. पण पटणं वेगळं. म्हणाली, "कैद्याला तुरुंगात ठेवत्यात. घरी आणून ठेवत्यात का?" मी भिंत उतरवली आणि लाल विटेची घातली. उतरवलेल्या विटा कित्येक दिवस गल्लीत कोपऱ्यात पडून होत्या. लोक विचारायचे, मिस्त्री, भिंत कावून पाडली? मी म्हणायचो, मालकानं नापास केली.

तिची छाती वाजायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, धुळीतून बाहेर काढा, हवा बदला. तिचा भाऊ नांदूरघाटला. तिथं हवा चांगली, मळा, विहीर. मी तिला नेऊन सोडलं. दोन-तीन महिने राहा म्हणालो. घरी येऊन मोकळेपणानं पायातल्या चपलांसकट आत शिरलो. ते सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मीच चपला बाहेर आपटल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत मेव्हण्याचा फोन.

"दाजी, बहिणीला घेऊन जावा."

"कावून? बरं न्हाई का?"

"तिला बरं हाय. आमाला बरं न्हाई. शेतातून आलं की मला दारात झाडायली. बैलाला झाडायली, दाजी. माझी बायको म्हणायली, एक तर ह्या राहतील न्हाईतर मी माहेरी जाते."

मी आणायला गेलो. ती ओट्यावर बसली होती. पुढ्यात पालथं ताट.

"बघा," म्हणाली. बोट ओढलं. काही नाही. ताट लख्ख. "सकाळी बघा, दुपारी बघा, असंच. हितं माणसानं करायचं काय?"

"श्वास घ्यायचा. त्यासाठी तर आणलं तुला."

"तेवढ्यासाठी कोण जगतं?"

मी म्हणालो, राहा अजून पंधरा दिवस, मी हात जोडतो. तिनं पिशवी भरलेलीच होती. गाडीत परळी जवळ आली तसा तिनं पदर नाकावर घेतला आणि नीट बसली, कामावर निघालेला माणूस बसतो तशी. लेकीनंसुद्धा अंबाजोगाईला ये म्हणून लई आग्रह केला. हिचं उत्तर ठरलेलं. "मी गेले तर गल्लीतल्या बायका कुरडया कधी घालतील?" मला राग यायचा. कुरडयांपायी कुणी छाती देतं का? पण लग्नसराईत पहाटे तिच्या ओट्यापुढं बायका थांबलेल्या असायच्या आणि ती बोट ओढायची, तेव्हा तिच्या तोंडावर जे असायचं ते नांदूरघाटच्या हवेत नव्हतं. हे मला दिसत होतं.

आमच्या समोरचं घर लिंगायतांचं. तिथल्या अक्का आणि ही, दोघींचं जमायचं. अक्कांचे मालक गेले तेव्हा ही सगळा वेळ तिथंच होती. त्यांच्यात पुरतात, बसवून. परत आली ती अंघोळ करून माझ्यासमोर बसली.

"झालं का?"

"झालं. लई निवांत झालं बघा. माती टाकली, झालं. ना धूर, ना काही उडणं. माणूस जिथं ठेवला तिथंच राहिला." मग थोड्या वेळानं, "मला असंच करा."

"आपल्यात न्हाई तसं."

"आपल्यात काय हाय मग? जन्मभर जिला दारात उभं केलं न्हाई, तीच व्हायचं का मी? आणि उडत जाऊन कुणाच्या पापडावर बसायचं?"

मी हसलो. तिला राग आला. म्हणाली, "हसू नका. या गावाला राख कमी हाय का? माझी कशाला आणखी?" तेव्हा मला कळलं, ही खरंच म्हणायली.

"बरं," मी म्हणालो. "बसवून?"

"न्हाई बाई. आडवी ठेवा. बसलं की गुडघे धरतात माझे."

ती गेली त्या दुपारी माझ्या कानात हेच होतं. रडायलासुद्धा सुचत नव्हतं. लेक-जावई आले. जावई दारात आले आणि सवयीनं थांबले, हात अर्धे वर झाले, मग खाली घेतले आणि तिथंच भिंतीला टेकून रडले. भावकी जमली. थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, लाकडं सांगायला निघाला.

मी म्हणालो, "दादा, लाकडं नको. शेतात खड्डा घ्यायचा हाय."

"कशाला?"

"पुरायची हाय तिला."

दादानं माझा दंड धरला. मग हळू आवाजात, मी येडा झालोय असं समजून बोलला, "बस जरा. पाणी पी."

"पाणी प्यालोय. तिनं सांगून ठेवलंय."

"बायका सांगत्यात बे काहीबाही. ऐकायचं असतं, करायचं नसतं. आपण काय तान्हं लेकरू पुरायलोत का? लोक तोंडात शेण घालतील. दहाव्याला बसणार कोण, पिंड कशाचा, सावडायला काय जायचं?"

"सावडायला काहीच नसावं, म्हणूनच."

दुसरा एकजण मागून म्हणाला, "अशानं माणसाला गती मिळत न्हाई."

मला तोडून बोलायचं होतं, पण लेक पुढं आली. म्हणाली, "काका, आईनं मला बी सांगितलं होतं. दर नागपंचमीला सांगायची." समोरच्या अक्का काठी टेकत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमची माणसं सगळी मातीतच हायत. त्यांची गती अडली का, दादा?" अक्कांपुढं दादाचा आवाज खाली आला. म्हणाला, "तुमचं तुमच्यात शोभतं, अक्का. आमचं आमच्यात."

मग माझ्याकडं वळला. "आमचं ऐकायचंच न्हाई तर आमाला बोलावलं कशाला?"

"खांदा द्यायला," मी म्हणालो. "तिच्यासंगं मी राहिलो, दादा. तुमी न्हाई. हे माझं ऐका. माझ्या वेळी तुमाला पायजे तसं करा."

तो ओट्यावर जाऊन बसला. दोन-चार जण उठून गेले, ते नंतर आलेच नाहीत. शेवटी दादा उठला, उपरणं डोक्याला बांधलं आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "कुदळी कुठं हायत?"

आमचा जमिनीचा एक तुकडा सिरसाळ्याच्या रस्त्याला लागून आहे. तिथं बांधाच्या आत खड्डा घेतला. मी जन्मभर पाये खणले, पण त्या दिवशी मला खणू दिलं नाही. जमीन काळी, ओल धरून होती. तिला आडवी ठेवली. लेकीनं विचारलं, उशाला काही ठेवू का. मी म्हणालो, नको, काही नको. मूठ मूठ माती टाकली. दादानंसुद्धा टाकली. धूर नाही, लाकडाचा आवाज नाही. लोकांना उभं राहून काय करावं ते कळेना. अंधार पडायच्या आत सगळे परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता शेतावर गेलो. त्या रस्त्यानं राख भरलेले टिप्पर वीटभट्ट्यांकडं जातात, दिवसरात्र. त्यांच्यावर ताडपत्री असते. तरी काय उडायचं ते उडतंच. काल आम्ही सोडून गेलो ती माती काळीभोर होती, हाताचे ठसे उमटलेले. आता तिच्यावर करडी साय धरल्यागत राख बसली होती.

मी खाली बसलो. तळहातानं तेवढा वरचा थर सारून घेतला. खालची माती घ्यायची नाही, वरचं तेवढंच, न्हाणीच्या फरशीवरचं सिमेंट निपटतात तसं. टोपल्यात भरलं आणि रस्त्याच्या पलीकडं नेऊन टाकलं. मग विहिरीवरून घागर आणून हातानं पाणी शिंपडलं. माती दबली. काळी दिसायला लागली.

मागं दादा येऊन उभा होता. कधी आला कळलं नाही. त्याच्या हातात फुलं होती.

"काय करायलास?"

"राख काढायलोय."

तो रस्त्याकडं बघत राहिला. एक टिप्पर गेला. धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तोंडावर उपरणं धरून उभे.

"परत बसंल की रे," तो म्हणाला. "किती दिवस काढणार हाईस?"

"आज काढतो."

त्यानं फुलं उशाकडं ठेवली. पायाकडची बाजू अजून कोरडी होती. मी घागर उचलली आणि परत विहिरीवर गेलो.